बारानंतरची शाळा

एप्रिल लागला की आमची शाळा सकाळची होते. सातला प्रार्थना, साडेअकराला शेवटची घंटा. मधल्या वेळात पेपर, तोंडी परीक्षा, निकालपत्रकं. घंटा झाली की पोरं दप्तर डोक्यावर धरून पळत सुटतात, कारण फाटकापासून वस्तीपर्यंतचं डांबर तोवर मऊ झालेलं असतं आणि निम्म्या पोरांच्या चपला तळाशी झिजून कागदासारख्या झालेल्या असतात. दहा मिनिटांत आवार रिकामं होतं. कडुनिंबाचा बारीक मोहर जमिनीवर पडत राहतो आणि शिपाई शांताबाई एकेका वर्गाला कडी घालत जातात.

यंदा पहिल्या पेपरच्या दिवशी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होते. मागच्या खिडकीतून झळ आली आणि तिच्याबरोबर कच्च्या तंबाखूचा वास. उग्र, घशात जाऊन बसणारा. हा वास आमच्या वस्तीला वर्षभर असतो. एप्रिलमध्ये मात्र तो आला की माझा हात थांबतो. सुतळी तशीच हातात राहिली. शांताबाईंनी विचारलं, "बाई, बरं वाटत न्हाय का?" मी म्हटलं, ऊन लागलंय.

तीन वर्षं झाली त्या उन्हाळ्याला.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीला लागून. सातवीपर्यंतची. पुढे सिमेंटचे वर्ग आणि मागे एक जुना दगडी हॉल, उंच छपराचा, हात हात रुंद भिंतींचा. बाहेर अंग भाजत असलं तरी त्या हॉलची फरशी पायाला गार लागते. भिंतीपलीकडे वस्ती सुरू होते. पत्र्याची घरं, एकाला एक चिकटलेली. पुरुष यंत्रमागावर किंवा चिंचोळीच्या कारखान्यांत, आणि बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. घराघरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि पोरं दोन्ही एका वाक्यात बोलणारी. मी मूळची नातेपुत्याची. लग्नानंतर इथं आले तेव्हा विडी वळणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. बोटं इतकी भराभर चालायची की पान कधी कापलं, तंबाखू कधी भरला आणि दोरा कधी गुंडाळला, हे डोळ्यांना कळायचंच नाही.

त्या वर्षी माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. वैष्णवी नावाची मुलगी होती, पहिल्या बाकावर बसणारी, गणितात पक्की. एप्रिलच्या सुरुवातीपासून माझ्या लक्षात आलं की घंटा झाल्यावर ती घरी जात नाही. धाकट्या बहिणीला, चार वर्षांच्या चिन्नीला, मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाची वाट बघत असेल. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"घरी का जात नाहीस गं?"

"जाईन की बाई. ऊन उतरल्यावर."

"आई वाट बघत असेल."

"आईनंच सांगितलंय, हितंच बस म्हणून. घरात लई तापतंय."

मी तिच्याबरोबर घरी गेले. आजही सांगताना वाटतं, मी तिथं दहा वर्षं शिकवत होते, पोरांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक सगळं माझ्या वहीत होतं, आणि भर दुपारी त्यांच्या घरात मी एकदाही गेले नव्हते. घर म्हणजे एक खोली. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं तोंडावर आलं. मधोमध वैष्णवीची आई अंबूबाई सूप घेऊन बसलेली. पदर ओला करून डोक्यावर घेतलेला, तोही वाळून कडक झालेला. वर पंखा होता, बंद.

"लाइट नाही का?" मी विचारलं.

"हाय की टीचर. फॅन लावला की तंबाखू उडतो. मग वळू काय?" असं म्हणून ती हसली.

अंबूबाई तिशी ओलांडलेली असेल. सडपातळ, हसली की डोळे बारीक व्हायचे. ती आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती आणि ते ती कुणालाही पहिल्या दोन मिनिटांत सांगायची. "तेराचा पाढा अजून येतो मला," म्हणाली आणि हात न थांबवता तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत म्हणून दाखवला. मग वैष्णवीकडे मान करून म्हणाली, "आमच्या घरात धावी कुणाचीच न्हाय. हिची व्हायला पायजे." मला तिथं दहा मिनिटंही बसवलं नाही. परतताना माझ्या कपाळाच्या शिरा ठणकत होत्या. ती सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत तिथं बसायची.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापिका जमादार बाईंना सांगितलं. जमादार बाई म्हणजे पांढरी सुती साडी, हातात चाव्यांचा जुडगा, आणि बोलणं मोजकं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या आणि हॉलचं कुलूप काढलं. आत मोडकी बाकं, जुने नकाशे, गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची पताका. त्या मधोमध उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "कदम बाई, ही जागा साडेअकरानंतर काय करते?"

मला प्रश्न कळला नाही.

"काही करत नाही. कुलूप लावून गार पडून राहते. आणि तिकडं भिंतीपलीकडं माणसं भाजतायत."

दोन दिवसांत बाकं हलली. शांताबाईंनी पोती ओली करून खिडक्यांना बांधली. बोअरचं पाणी भरलेले दोन रांजण आले. जमादार बाईंनी एका कागदावर आम्हा पाच शिक्षकांच्या पाळ्या लावल्या, बारा ते पाच, थेट मे अखेरपर्यंत. सुटीतही. कुरकुर झाली, मीही केली. त्या म्हणाल्या, "आठवड्यातनं एकेकीला एक-दोन दिवस येतात. सुटीत एकेक आठवडा. बघा जमतंय का." त्यांच्या तोंडून "बघा" आलं की ते करायचंच असायचं.

पहिल्या दिवशी पोरं आली, चार म्हातारी माणसं आली. एक आजोबा फरशीवर पाठ टेकताच झोपी गेले ते पाचलाच उठले. पण बायका आल्या नाहीत. तीन दिवस वाट बघून मी वस्तीत गेले. अंबूबाई म्हणाली, "येऊन नुसतं बसू का टीचर? हात थांबले की चूल थांबती." शेजारची म्हणाली, "गार जागा कुणाला नको हाय? पण सूप तर घरातच हाय की."

मीच जमादार बाईंना म्हटलं, "त्यांना सूप घेऊन येऊ द्या की."

त्यांनी फाटकाकडे बोट केलं. तिथं निळ्या अक्षरांतली पाटी होती: ही शाळा तंबाखूमुक्त आहे.

"वाचलंय," मी म्हटलं. "पण त्यांची पोरं रात्रंदिवस त्याच तंबाखूत झोपतात. इथं निदान खिडक्या मोठ्या आहेत. पोरांना आपण पुढच्या वर्गात बसवू, बायका हॉलमध्ये बसतील. पाचला झाडून काढू."

त्या म्हणाल्या, "हे कागदावर बसणार नाही, बाई."

"कोण बघतंय इथं?"

हे माझे शब्द. ते आज मी जसेच्या तसे लिहिते आहे, कारण नंतर मी ते कधी बोललेच नाही असं दाखवलं.

एक दिवस त्यांनी विचार केला आणि हो म्हणाल्या.

मग जे काही दिवस गेले, तीन आठवडेही नसतील, त्यांच्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. त्यात सांगण्यासारखी मोठी गोष्ट घडली नाही. बारा वाजले की बायका सूप कमरेवर घेऊन एकेक करून फाटकातून यायच्या. ओल्या पोत्यांचा वास, तंबाखूचा वास, त्यात कुणीतरी आणलेल्या भाकरीचा आणि शेंगाचटणीचा. कात्र्यांची करकर. मधूनच एखादीचं तेलुगू गाणं, आणि कुणी पाणी मागितलं की ते तिथंच तुटायचं. जमादार बाई टेबल टाकून दाराशी बसायच्या. कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलेलं, कुणाचं बँकेचं खातं बंद पडलेलं, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तसाच राहिलेला. त्या एकेक कागद चष्म्याजवळ नेऊन वाचायच्या आणि अर्ज लिहून द्यायच्या. एका दुपारी त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सगळ्यांचा रक्तदाब तपासला. अंबूबाईचा तपासून दोनदा परत तपासला. गोळ्या दिल्या, उन्हात बसू नका म्हणून सांगितलं. अंबूबाई गोळीची पट्टी ब्लाऊजमध्ये ठेवत मला म्हणाली, "उनात कुटं बसते मी? मी तर शाळेत जाते की आता."

पलीकडच्या वर्गात मी पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे. पोरं अडली की हॉलमधून अंबूबाईचा आवाज यायचा, पुढचा आकडा सांगणारा. सगळ्या बायका हसायच्या. वैष्णवी लाजून वहीत तोंड घालायची, पण तिला ते आवडायचं, हे मला दिसायचं. सातवीचा निकाल लागला तेव्हा ती वर्गात पहिली आली होती. अंबूबाईनं निकालपत्रक हॉलमध्ये हातोहात फिरवलं. सगळ्यांची बोटं तंबाखूची, म्हणून प्रत्येकीनं ते पदरानं धरून बघितलं.

मे लागला आणि कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

कोण, ते कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. फोटोत जे दिसत होतं ते खरंच होतं. निळ्या अक्षरांची पाटी, तिच्यामागं हॉलचं उघडं दार, आत सुपांची रांग. खाली ओळ होती: शाळेत विडीचा कारखाना. दोन दिवसांत तो साऱ्या शहरात फिरला, मग पेपरात आला. ज्यांनी तो बघून संताप केला त्यांना मी वाईट म्हणणार नाही. मीही दुसऱ्या गावात असते आणि असा फोटो पाहिला असता, तर चार शब्द कडक बोलले असते. पोरांच्या शाळेत तंबाखू नको, हे मलाही पटतंच. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे तीच पोरं आहेत, एवढंच त्या फोटोत मावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या कार्यालयातून एक साहेब आले. घामानं निथळत होते. हॉलमध्ये आल्यावर त्यांनी आधी रांजणातलं पाणी प्यायलं आणि मला वाटतं, क्षणभर त्यांनाही बरं वाटलं. मग सुपं बघितली, मोजली, लिहून घेतली. बायकांना उठायला सांगितलं. आवाज चढवला नाही. जमादार बाईंना विचारलं, "परवानगी कुणाची?"

"माझी," त्या म्हणाल्या.

"इतर स्टाफला माहीत होतं?"

जमादार बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवायचं म्हणून बघितलं नाही, की मी काय करते ते बघायचं नव्हतं म्हणून, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "ते त्यांना विचारा."

साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. माझं पेन हातात होतं. त्या वेळी मनात काय काय आलं ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीच पुरेसं नाही. घराचं कर्ज, नवऱ्याची कारखान्यातली बेभरवशाची नोकरी, मुलाची बारावी. मी लिहिलं की हॉलमध्ये तंबाखू आणू देण्याचा निर्णय मुख्याध्यापिकांनी कोणाशीही सल्लामसलत न करता घेतला, मला त्याची आधी कल्पना नव्हती आणि माझा त्यास विरोध होता. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं. साहेबांनी नियमाप्रमाणे मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला आणि सही घेतली. बायका तोवर सुपं आवरत होत्या. अंबूबाई मागे राहिली होती, केरसुणीनं फरशीवरचा तंबाखू दाराकडे लोटत. जाताना म्हणाली, "येते टीचर."

हॉलला कुलूप लागलं. जमादार बाईंना नोटीस आली आणि आठवडाभरात त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. सेवाज्येष्ठतेनं शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. चाव्यांचा जुडगा माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "हॉलच्या पूर्वेच्या खिडकीची कडी मोडलीय. पावसाळ्याआधी करून घ्या." एवढंच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, रागानं नव्हे, उशीर झालाय असं सांगावं तसा, आणि रिक्षात बसल्या.

मी सुटीला नातेपुत्याला गेले. आईनं आंबे पिकत घातले होते. घरात कुलरसमोर बसून आम्ही रस खाल्ला. टीव्हीवर सोलापूरच्या तापमानाचा आकडा रोज वाढत होता. मी तो बघायचे आणि चॅनल बदलायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शांताबाईंचा फोन आला. "बाई, वैष्णवीची आई गेली."

त्यांनी सांगितलं ते असं. अंबूबाईला दोन दिवस मळमळत होतं. गोळ्या संपल्या होत्या. त्या दुपारी तिनं वैष्णवीला म्हटलं, एवढी पानं संपवते आणि पडते. तीनच्या सुमाराला ती बसल्या जागी सुपावर कलली. अंग निखाऱ्यासारखं, घाम नाही, बोलणं असंबद्ध. वैष्णवीनं घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी तिच्या अंगावर ओतलं. पाणी यायचा दिवस नव्हता, होतं ते फार नव्हतं. मग ती शाळेकडे धावली. तिथं पाणी होतं, गारवा होता, कुणीतरी फोन करणारं मोठं माणूस असायचं. फाटकाला कुलूप होतं. तिनं हाका मारल्या, फाटक हलवलं. शेजारच्या बायकांनी ऐकलं, मग रिक्षा, मग सरकारी दवाखाना. तिथं पोचायच्या आत अंबूबाई गेली होती. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. सगळ्यांचंच शेवटी तेच बंद पडतं.

जमादार बाईंनी लावलेल्या पाळ्यांचा कागद माझ्या पर्समध्ये घडी घातलेला होता. तो आठवडा माझा होता.

हॉल उघडा असता तर अंबूबाई वाचली असती का, हे मला माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचं उत्तर आता मी ऐकतच नाही. फाटक उघडं असतं, एवढं मला माहीत आहे.

जूनमध्ये शाळा भरली. सातवी पास झालेल्या मुलांचे पालक शाळा सोडल्याचे दाखले न्यायला येत होते. शेवटी कपाटात एकच दाखला राहिला, वैष्णवीचा. आठवडाभर वाट बघून मी तो घेऊन तिच्या घरी गेले. दारात वैष्णवी सूप मांडीवर घेऊन बसली होती. आई बसायची त्याच जागी, कारण उजेड तिथंच पडतो. बोटं अजून सावकाश चालत होती. विड्या थोड्या वाकड्या होत होत्या आणि ती त्या परत उसवून वळत होती. चिन्नी मागे जमिनीवर पानांच्या तुकड्यांशी खेळत होती.

"दाखला आणलाय," मी म्हटलं.

"ठेवा तिथं, बाई. हात खराब हायत."

"आठवीला नाव घालायचं ना?"

"चिन्नीला कोण बघणार? बाबा सकाळी चिंचोळीला जातेत ते दिवेलागणीला येतेत."

मी चिन्नीला आमच्या आवारातल्या अंगणवाडीत घेतलं. ती एकला सुटायची, आणि वैष्णवीची नवी शाळा बारा ते पाच. मधले चार तास मी आणि शांताबाईंनी चिन्नीला ऑफिसात ठेवलं. ती माझ्या टेबलाखाली झोपायची. नियमात हेही बसत नव्हतं, पण या वेळी मी कुणाला विचारलं नाही. वैष्णवी श्रावण संपेपर्यंत शाळेत गेली. सकाळी आणि संध्याकाळी वळून ठरलेल्या विड्या पुऱ्या होईनात, आणि नाही झाल्या तर आईच्या नावचं विडी कारखान्याचं कामाचं कार्ड रद्द होणार होतं. वडील चांगला माणूस आहे. रडत रडत मला म्हणाले, "टीचर, मी तिला बस म्हणलं न्हाय. तीच बसली." वर्गशिक्षिकेनं दोन महिने तिची गैरहजेरी लावली आणि मग नाव लाल शाईनं खोडलं. एक मुलगी शाळेतून कशी जाते, ते मला तेव्हा पायरी पायरीनं बघायला मिळालं. कुणीही तिला हाकललं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या वेळेत आपापलं काम केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी लेखी परवानगी मागितली. खूप कागद लिहिले. अखेर परवानगी आली, अटीसह: आवारात कोणत्याही स्वरूपात तंबाखू आणू नये. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये आमचा हॉल बारा ते पाच उघडा असतो. पोरं येतात, म्हातारी माणसं येतात, बाळंतिणी येतात. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येतात, त्यांनी पोरांपेक्षा आता बायकांना तपासायला घरोघर जायचं ठरवलंय. रांजण दोनाचे पाच झाले. वर्तमानपत्रात बातमीही आली, माझ्या फोटोसह. ती मी कापून ठेवली नाही. कारण दुपारी दोन वाजता मी हॉलच्या दारात उभी राहते, आत पोरं गार फरशीवर हातपाय पसरून झोपलेली असतात, आणि त्यांच्या आया भिंतीपलीकडे पत्र्याखाली पंखा बंद करून बसलेल्या असतात.

जमादार बाईंच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेले होते. शाल, नारळ, भाषणं. गर्दी ओसरल्यावर मी जवळ गेले. घरून निघताना काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यांनीच आधी विचारलं, "हॉल उघडता ना?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या. मग कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.

वैष्णवी आता सोळा वर्षांची आहे. बोटं आईपेक्षा भराभर चालतात. दहावीला बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून, हे मी तिला गेल्या दिवाळीत सांगितलं. मग एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "पुस्तकं कुटली लागत्यात?" तेव्हापासून रविवारी आणि आता सकाळची शाळा असल्यामुळे रोज, साडेबाराला मी तिच्या घरी जाते. ती वळत असते, मी शेजारी बसून वाचते. गणितं ती तोंडी सोडवते, मी लिहून घेते. तासाभरानं माझं डोकं दुखायला लागतं. पहिल्या भेटीत मी दहा मिनिटं बसू शकले नव्हते, आता तासभर बसते. यात माझं कौतुक काही नाही. ती नऊ तास बसते.

गेल्या आठवड्यात आम्ही बीजगणित करत होतो. चिन्नी आमच्या हॉलमध्ये झोपायला गेली होती. वैष्णवीनं मान वर न करता विचारलं, "जमादार बाई कुटं असत्यात आता?"

"घरीच. निवृत्त झाल्या."

"त्यांनी एकटीनंच केलतं न्हवं ते सगळं? पेपरात तसंच आलतं."

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणूनही धडपडत होते. पत्र्यावर काहीतरी तडकल्यासारखा आवाज होत होता, उन्हानं लोखंड ताणलं की होतो तसा.

"नाही," मी म्हटलं. "सूप घेऊन येऊ द्या, असं मीच म्हटलं होतं त्यांना. आणि साहेबांपुढे उलटं लिहून दिलं. मला माहीतच नव्हतं म्हणून. सही केली."

तिनं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला, टोक मुडपलं, ती जागेवर ठेवली. दुसरं पान उचललं.

"आईला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "साहेब वाचत हुते तवा ती दारातच झाडत हुती. घरी येऊन सांगितलं तिनं मला."

मी पुस्तक खाली ठेवलं.

"मी म्हणलं, आता कदम बाईंशी बोलायचं न्हाय. कधीच न्हाय. तर आई म्हणली, बोलायचं. दाखला त्यांच्याकडनंच घ्यायचा हाय."

"आणि आता?" मी विचारलं.

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

"आता काय बाई," ती म्हणाली. "फॉर्म बी तुमीच भरून देणार की. वाचा पुढचं गणित."

मी वाचलं.